जुनी फायबरची होडी घेताय? तळाच्या भेगा अशा तपासा

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात, ताडपत्र्यांखाली झाकलेल्या असतात आणि कुठली होडी विकायची आहे याची कुजबुज याच दिवसांत बंदरावर सुरू होते. नवीन गिऱ्हाईक आलं की ते पहिल्यांदा इंजिन चालू करायला लावतं. आवाज ऐकतं, धूर बघतं, पंख्याला हात लावून बघतं. तळाकडे एकदा वाकून नजर टाकली की झालं. खरं तर वेळेची वाटणी उलटी हवी. आउटबोर्ड, म्हणजे मागे टांगायचं इंजिन, बिघडलं तर दुसरं टांगता येतं, तळ गेला तर होडीच गेली.

रायगडापासून गोव्यापर्यंत हाताने मॅट (काचतंतूंची चटई) मारून केलेल्या एकेरी अंगाच्या होड्या दिसतात, मासेमारीच्या किंवा पर्यटकांना फिरवायच्या. वीस-पंचवीस फुटांची तशी होडी पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मोठा ट्रॉलर किंवा केबिनची बोट घेत असाल तर हे वाचाच, पण पैसे मोजून नौका सर्वेक्षकही न्या.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. भेग किती लांब आहे यावरून काहीच ठरत नाही. हातभर लांबीची भेग निव्वळ वरवरची असू शकते आणि बोटभर भेगेमागे तळ आतून सुटलेला असू शकतो. विचारायचे प्रश्न दोनच: ही भेग कशामुळे पडली, आणि ती काचेच्या थरापर्यंत गेली आहे का?

१. आधी होडीचं अंग समजून घ्या

बाहेरून जो गुळगुळीत, रंगीत थर दिसतो तो जेलकोट. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. त्यात काचतंतू नसतात, नुसतं रंग घातलेलं रेझिन (राळेसारखं, वाळून कडक होणारं द्रव्य) असतं. म्हणून तो कडक असतो, पण ठिसूळही असतो. त्याच्या मागे मॅट आणि विणलेलं रोव्हिंग (काचतंतूंच्या जाड पेडांचं कापड) पॉलिस्टर रेझिनमध्ये भिजवून एकावर एक बसवलेलं असतं. होडीची सगळी ताकद या थरांत. आणि आत, पोटात, उभे-आडवे दांडे असतात. लाकूड, प्लाय किंवा फोम आत ठेवून त्यावर फायबर मढवलेलं असतं. तळाला ताठ ठेवायचं काम त्यांचं.

जेलकोटला भेग पडली तर प्रश्न मुख्यतः दिसण्याचा. काचेचा थर तुटला तर ताकद गेली. दांडा तळापासून सुटला तर प्रत्येक लाटेला तळ आत-बाहेर होत राहतो आणि पुढच्या भेगा आपोआप पडत जातात.

इथे एक सापळा आहे. आपल्याकडे जुन्या लाकडी होड्यांना बाहेरून फायबर मारून घ्यायची पद्धत आहे. अशी होडी ‘फायबरची’ म्हणून विकायला येते. लाकूड ओलं झालं की फुगतं, सुकलं की आक्रसतं, वरचं फायबर मात्र तेवढं हलत नाही. मग फळ्यांच्या सांध्यावरून लांब सरळ भेगा जातात, आत पाणी शिरतं आणि बाहेरून काही न दिसता लाकूड कुजतं. पोटात वाकून बघा. फळ्या आणि लाकडी वाक, म्हणजे फासळ्यांसारखे वळवलेले दांडे, दिसले तर ती लाकडी होडी आहे. तिचा हिशोब वेगळा, पुढचं काहीच तिला नीट लागू होणार नाही.

२. कधी आणि कशी बघायची

होडी पाण्याबाहेर, धुतलेली आणि सुकलेली असताना. शेवाळ आणि शिंपले चिकटलेल्या तळावर काही म्हणजे काही कळत नाही. पाण्यात तरंगती होडी बघून बयाणा देऊ नका. मालक म्हणाला, ‘उधाणाला वर घेऊ, मग दाखवतो’, तर उधाणापर्यंत थांबा.

होडी वाळूवर बसलेली असेल तर कीलचा, म्हणजे तळाच्या मधोमध लांबीने जाणाऱ्या कण्याचा, भाग दिसतच नाही, आणि सगळ्यात जास्त मार तिथेच असतो. सहा-आठ माणसं लावून ती एका कुशीवर कलंडवायला सांगा, मग दुसऱ्या कुशीवर. इंजिन आधी उतरवून घ्यायचं. मालक यासाठी कुरकुर करतो, पण विकायची असेल तर करतो. साफ नकार दिला तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. तिरपा उजेड तळावर पडला की चढउतार आणि भेगा उठून दिसतात. भर दुपारच्या उन्हात पांढरा तळ डोळे दिपवतो. आणि एक अट फोनवरच घाला: मी बघेपर्यंत रंग मारू नका. नुकताच रंगवलेला तळ मला भेगांच्या तळापेक्षा जास्त संशयास्पद वाटतो.

३. सोबत काय न्यायचं

- जोरदार टॉर्च, आणि पोटातल्या अडचणीच्या जागा बघायला लहान आरसा
- प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर किंवा लहान प्लास्टिकची हातोडी
- मार्कर, चिकटपट्टी, मोजपट्टी
- काळी किंवा निळी शाई, चिंध्या, गोडं पाणी
- गुडघे टेकायला पोतं आणि जुने कपडे
- डोळ्यांना गॉगल, फोड तपासायचे असतील तर
- सोबत एक माणूस. एकाने आतून दाबायचं, दुसऱ्याने बाहेरून बघायचं

आर्द्रता मोजायचं यंत्र मिळालं तर न्या, पण त्यावर विसंबू नका. तळावर मीठ असेल किंवा पोटात पाणी असेल तर आकडा उगीच वर जातो. मागे धातू असेल तरी तेच. गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण सुकवून मगच लावायचं आणि एकाच होडीतल्या दोन जागांची तुलना करायला वापरायचं.

४. आधी लांबून बघा

नाळेसमोर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकासमोर, दहा पावलांवर उभे राहा आणि दोन्ही बाजूंच्या रेषा सारख्या जातात का ते बघा. मग मागे जा. नंतर डोळा होडीच्या अंगाला जवळजवळ लावून लांबीच्या दिशेने बघा. चांगलं अंग एकसलग वळत जातं. कुठे खोलगट दिसलं, कुठे आतला दांडा बाहेर उमटलेला दिसला, कुठे चकाकी अचानक बदलली, तर तिथे चिकटपट्टी लावून ठेवा. जवळ जाऊन काय झालंय ते नंतर बघू. एकदा भेगांमध्ये डोकं घातलं की हे मोठं चित्र निसटतं.

५. भेगांचे प्रकार

खरा वेळ इथे द्या. भेगेचा आकार आणि जागा दोन्ही एकत्र बघायच्या.

*चांदणीसारख्या भेगा.* एका बिंदूपासून चारी बाजूंना पसरलेल्या. त्या जागी कधीतरी ठोका बसलाय. बहुधा ठोका दुसऱ्या बाजूने असतो, म्हणून बाहेर चांदणी दिसली की आत नेमकं त्या जागी काय आहे ते बघा. नांगर टाकायची जागा असेल, बर्फाच्या पेट्या आपटायची जागा असेल. भेगा बिंदूभोवती गोल कड्यांसारख्या असतील तर मार बाहेरून: जेट्टी, दुसरी होडी, खडप (पाण्यातला खडक). मालवणसारख्या खडपाच्या किनाऱ्यावरच्या होडीला अशा एक-दोन खुणा असणारच, त्यांना घाबरायचं कारण नाही. आतून फायबर पांढरट पडलंय का, एवढं मात्र बघा. धडक बसून थर सुटले की पारदर्शक रेझिन दुधाळ होतं. ती पांढरी छटा दिसली तर मार जेलकोटपुरता राहिला नाही.

*समांतर भेगा.* एकाशेजारी एक, एकाच दिशेने गेलेल्या. अंग सतत वाकत असल्याची ही खूण. तळावर, आतल्या दांड्याच्या कडेने अशा भेगांची ओळ दिसली तर सावध व्हा. दांड्याजवळ तळ ताठ आणि पुढे मऊ, त्या सीमेवर तो रोज दुमडतो. एक तर थर कमी मारलेत, नाही तर दांडा सुटलाय. या भेगांवर नुसता जेलकोट भरला तर एका हंगामात त्या परत येतात, कारण वाकणं थांबलेलं नसतं.

*कोपऱ्यातल्या भेगा.* बैठकीच्या, खणाच्या, डेकच्या आतल्या कोपऱ्यांत केसासारख्या बारीक रेघा. साच्यात कोपऱ्याला जेलकोट जास्त साचतो आणि जाड जेलकोट तडकतो. बहुतेक वेळा हा दिसण्याचाच दोष, यावर भाव थोडा खाली आणता येतो. पण त्याच कोपऱ्यावर मोठा भार येत असेल, म्हणजे जाळं ओढायचा खांब किंवा छताचा पाय, तर ती साधी भेग समजू नका.

*बोल्टभोवतीच्या भेगा.* दोर बांधायच्या खुंट्या, कडी, कठडा यांच्या मुळाशी. आत हात घालून नटखाली काय आहे ते चाचपा. मोठी पट्टी किंवा प्लायचा तुकडा हवा. नुसता लहान वायसर असेल तर सगळा ओढा एका नखाएवढ्या जागेवर येतो. दुरुस्ती सोपी आहे, पण असा एक बोल्ट दिसला तर बाकीचेही तसेच बसवलेले असणार.

*अंगभर जाळी.* उन्हात जुना झालेला जेलकोट, बारीक जाळी पडलेला. वरच्या बाजूला असेल तर दिसायला वाईट, एवढंच. पाण्याखाली असेल तर पाणी हळूहळू आत मुरतं.

*कीलला धरून लांब भेग.* होडी रोज वाळूवर ओढली जाते, कील झिजते, जेलकोट जातो, काचतंतू उघडे पडतात. एवढं झिजणं अपेक्षितच आहे आणि ते भरून निघतं. पण कीलच्या बाजूला, जिथे ती तळाला मिळते तिथे, तिच्याशी समांतर एक सलग भेग असेल तर ती झीज नव्हे. होडी भरलेली असताना जोरात बसली आहे. अशी भेग आतून बाहेरून दोन्हीकडे दिसली तर मी तरी पुढे बोलत नाही.

आता एकेका भेगेवर करायच्या चाचण्या. नख आडवं फिरवा. नुसतं अडकलं तर एवढ्यावरून काही ठरत नाही, पण भेगेची एक कड दुसरीपेक्षा वर लागली तर मागचा थर सरकलाय. मग जोडीदाराला आत पाठवून त्या जागी गुडघ्याने जोर द्यायला सांगा आणि तुम्ही बाहेरून बघा. भेग उघडझाप करते का? तिच्यातून धूळ किंवा पाणी बाहेर येतं का? शेवटी शाई: भेगेवर चोळा, मिनिटभर थांबा, ओल्या चिंधीने पुसा. जिथपर्यंत भेग आहे तिथपर्यंत रेघ उरते, आणि डोळ्यांना चार बोटं दिसलेली भेग अनेकदा वीतभर निघते.

खात्रीची चाचणी म्हणजे एका ठिकाणी जेलकोट घासून बघणं. पॉलिश पेपरने अर्धा-एक मिलिमीटर घासल्यावर भेग गायब झाली तर ती जेलकोटची. काचेत उतरलेली दिसली तर आतली. मालकाच्या परवानगीशिवाय हे करू नका. ‘घासलेली जागा मी भरून देईन’ म्हटलं की बरेच जण तयार होतात.

आणि एक फुकटातली खूण. होडी पाण्यातून काढून तळ सुकला, तरी एखादी भेग ओलीच राहते. आजूबाजूचा तळ कोरडा ठणठणीत, आणि मध्ये एक बारीक काळी रेघ. पुसली तरी थोड्या वेळाने परत ओलावते. देवबागच्या बाजूला एका निळ्या होडीला अशी रेघ होती, मागच्या टोकापासून हातभर पुढे. मालक म्हणाला, “काय नाय ओ, रंगाची भेग आसा ती.” आतल्या पायाखालच्या फळ्या काढल्या. बरोबर त्या रेघेवर दांडा होता, आणि दांडा तळाला धरून ठेवणाऱ्या फायबरच्या पट्टीखाली व्हिजिटिंग कार्ड सरळ सरकलं, शेवटपर्यंत.

६. पोटातून बघा

वरच्या फळ्या काढल्याशिवाय आतलं बघितलं असं म्हणू नका. आपल्या होड्यांचा एक फायदा आहे: बहुतेकांचं अंग एकेरी, आत अस्तर नाही, त्यामुळे सगळं उघडं दिसतं. दांड्यांच्या दोन्ही कडांवरून टॉर्च तिरपा धरून जा. फायबरची पट्टी तळाला घट्ट चिकटलेली हवी. काठ उचललेला, मधे काळी रेघ, बोट दाबल्यावर कटकट, हे सगळं सुटल्याचं लक्षण. दांड्याच्या आतलं लाकूड कुजलं असेल तर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबल्यावर मऊ लागतं आणि एखाद्या भोकातून तपकिरी पाणी येतं.

पोटात कुठे रंग ताजा, किंवा एकाच चौकोनात जास्त चकाकी? तिथे कोणीतरी काम केलंय. लपवायलाच केलंय असं नाही, पण काय केलं ते विचारा.

जेलकोट फिकट रंगाचा असेल आणि आत रंग मारलेला नसेल तर अंधार पडल्यावर एक गंमत करा. एकाने आतून जोरदार टॉर्च अंगाला टेकवून सरकवत न्यायचा, दुसऱ्याने बाहेरून बघायचं. चांगल्या फायबरमधून उजेड एकसारखा झिरपतो. थर सुटलेली जागा, हवेचे बुडबुडे, जुनं ठिगळ वेगळं दिसतं. गडद रंगावर हे चालत नाही.

७. ठोकून बघा

बाजारात माठ घेताना टिचकी मारतो तसंच. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोके देत, दोन-दोन इंचांवर, ओळीने पुढे जायचं. चांगल्या जागी आवाज टणक आणि नेटका येतो. थर सुटलेल्या किंवा पाणी धरलेल्या जागी तो भद्द येतो. दांड्यावर आणि जाड भागावर आवाज आपोआप बदलतो, त्यामुळे आधी आतले दांडे कुठे आहेत ते बाहेर मार्करने आखून घ्या, नाही तर प्रत्येक दांड्याला दचकाल. बाहेर कुठे भद्द वाजलं तर त्याच्या कडा शोधून गोल काढा. तळहाताएवढा एखादा गोल असेल तर दुरुस्तीचं बोला. तळभर गोल निघाले तर घरी जा.

मालकाशी बोलत बोलत ठोकू नका. कान एकाच वेळी दोन कामं करत नाही.

८. मागची फळी

आउटबोर्ड जिथे टांगतात ती मागची फळी, म्हणजे ट्रान्सम. बहुतेक होड्यांत दोन फायबरच्या मध्ये प्लाय असतं. इंजिनाच्या बोल्टची भोकं नीट बंद केली नसली की पाणी प्लायमध्ये जातं आणि बाहेरून काही न दिसता फळी आतून सडते.

इंजिन टांगलेलं असताना त्याचा खालचा भाग हातात धरा आणि वर-खाली जोर द्या. दुसऱ्याने फळीकडे बघायचं. इंजिन आपल्या सांध्यात हललं तर ठीक. फळीच हलली, वाकली, तिच्या कोपऱ्यातली भेग उघडली, तर ती गेलेली आहे. बोल्टचे वायसर फायबरमध्ये रुतलेत का तेही बघा. रुतले असतील तर आतलं प्लाय दबतंय. फळीच्या वरच्या खाचेच्या कोपऱ्यातून खाली उतरणारी भेग मी कधीच रंगाची मानत नाही. पूर्ण ट्रान्सम बदलता येतो, पण ते मोठं काम आहे आणि त्याचा पूर्ण खर्च भावातून वजा झालाच पाहिजे. जुन्या मालकाने इंजिन कमी ताकदीचं काढून जास्त ताकदीचं लावलंय का, हे विचारायला विसरू नका. जड इंजिन आणि मूळची पातळ फळी ही जोडी फार ठिकाणी दिसते.

९. जुनी डागडुजी आणि फोड

जुनी दुरुस्ती असणं वाईट नाही. वाईट दुरुस्ती वाईट. भेगेवर एम-सील चोपडलेलं, गाडीच्या पत्र्याला भरतात ती लांबी (पुट्टी) भरलेली, किंवा न घासता वरून मॅटचा एक तुकडा मारलेला, हे तीन प्रकार सगळीकडे दिसतात. ठिगळाची कड नखाने उचकटून बघा. निघाली तर उरलेलंही निघणार.

त्यातही जुलैच्या शेवटी घाईत मारलेली ठिगळं जास्त तपासा. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात हवी असते, आणि पावसाळ्यात फायबर काही केल्या सुकत नाही. ओल्या काचेवर मारलेलं पॉलिस्टर धरत नाही. लवकर वाळावं म्हणून हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) जास्त घातलं की थर ठिसूळ होतो. साधारण १ ते २ टक्के हार्डनर पुरतं.

पाण्याखालच्या भागावर मुगाच्या दाण्याएवढे किंवा त्याहून मोठे फोड असतील तर जेलकोटमधून पाणी आत मुरून साठलंय. गॉगल लावून, तोंड बाजूला करून, एक फोड टोचून बघा, कारण आतलं पाणी दाबाखाली असतं. आंबट, व्हिनेगरसारखा वास आला तर ती तीच व्याधी. रोज वाळूवर ओढल्या जाणाऱ्या होडीला हे कमी होतं. खाडीत वर्षभर उभी असणारी होडी, विशेषतः गोड्या पाण्याच्या बाजूला, जास्त भोगते. चार-दोन फोडांनी होडी बुडत नाही. शेकडो असतील तर जेलकोट सोलून, महिनोन्महिने सुकवून नवा थर द्यावा लागतो. छोट्या होडीला ते परवडत नाही.

१०. पाणी घालून आणि पाण्यात घालून

जमिनीवर असताना पोटात थोडं पाणी ओता आणि बाहेर कुठे घाम फुटतो का बघा. थोडंच, वीतभरसुद्धा नको. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन, आणि होडी बाहेरून दाब घ्यायला बांधलेली असते.

मग शक्य असेल तर समुद्रात. निघण्याआधी पोट चिंधीने कोरडं करा. तासभर लाटांवरून, वेगात, वळणं घेत फिरवा. परत आल्यावर आत पाणी असेल तर ते खारं आहे की गोडं ते बघा. गोडं असेल तर बर्फाचं किंवा पावसाचं, खारं असेल तर तळाचं किंवा वरून उडालेलं. वेगात जाताना पायाखालचा तळ थडथडतोय का, याकडे लक्ष ठेवा. पाय अनवाणी असले तर लगेच कळतं.

११. दुरुस्तीचा हिशोब

काचेपर्यंत गेलेली भेग नीट दुरुस्त करायची तर ती दोन्ही बाजूंनी उतरती घासावी लागते. चांगल्या कामाचं माप जाडीच्या १२ पट. अंग ६ मिलिमीटर जाड असेल तर भेगेच्या प्रत्येक बाजूला ७२ मिलिमीटर, म्हणजे तीनेक इंच. केसाएवढ्या भेगेसाठी सहा इंच रुंद पट्टा! मग तेवढेच थर परत, आणि वर जेलकोट किंवा रंग. फायबरवाल्याला एवढंच विचारा: ‘किती इंच घासणार?’ ‘घासायचं कशाला, वरून दोन मॅट मारतो’ असं उत्तर आलं तर दुसरा फायबरवाला शोधा. जुन्या पॉलिस्टरवर एपॉक्सी (दुसऱ्या जातीचं रेझिन) जास्त घट्ट धरते, पण तिच्यावर नंतर पॉलिस्टर जेलकोट नीट वाळत नाही, तिथे पीयू (पॉलीयुरेथेन) रंग मारावा.

फायबरवाल्याकडून आकडा लेखी घ्या आणि भावातून त्याहून थोडा जास्त वजा करा, कारण घासायला लागलं की भेग नेहमी वाढते. माझा स्वतःचा नियम असा: जेलकोटच्या भेगांवर घासाघीस करायची, एका ठिकाणच्या आतल्या भेगेवर दुरुस्तीचा खर्च कापायचा. दांडे सुटलेले आणि ट्रान्सम सडलेला अशी जोडी असेल तर फुकट दिली तरी घ्यायची नाही, फक्त इंजिनाचं बोलायचं.

१२. कागद

यावर थोडक्यात, कारण तालुक्यागणिक कचेरीतली रीत बदलते.

- नोंदणी प्रमाणपत्र. मासेमारी नौकांची नोंदणी आणि परवाना आता ‘रिअलक्राफ्ट’ पोर्टलवरून होतो. प्रमाणपत्रावरचा क्रमांक आणि होडीवर रंगवलेला क्रमांक जुळवा
- मासेमारी परवाना आणि त्याची मुदत
- बँकेचं किंवा सोसायटीचं कर्ज नसल्याचा दाखला. होडी तारण असेल तर नावावर होत नाही
- इंजिनाचं मूळ बिल, इंजिनावरच्या क्रमांकासकट
- होडी बांधणाऱ्याचं बिल असेल तर उत्तम. बांधणीचं वर्ष त्यावरूनच खरं कळतं
- विकणाऱ्याचं ओळखपत्र आणि मालक एकापेक्षा जास्त असतील तर सगळ्यांच्या सह्या

पर्यटकांसाठी होडी घेत असाल तर मासेमारीच्या नोंदणीवर प्रवासी बसवता येत नाहीत. त्यासाठी महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाच्या बंदर निरीक्षकाकडे आधी जा, होडी बघायच्याही आधी. तिथे तपासणी वेगळी आणि भेगा असलेला तळ तिथे अडतो. गोव्यातून होडी आणताय तर तिकडचा ना हरकत दाखला विकणाऱ्यानेच काढून द्यायचा, हे बयाण्याच्या कागदावर लिहा. त्याच कागदावर ‘तळ तपासून पसंत पडल्यावर व्यवहार पक्का, नाही तर बयाणा परत’ हेही लिहून घ्या.

होडी घेतलीत, तर ज्या जेलकोटच्या भेगा तशाच सोडल्या त्यांच्या दोन्ही टोकांना पक्क्या मार्करने खूण करा, शेजारी तारीख घाला आणि फोटो काढून ठेवा. पुढच्या जूनमध्ये होडी वर काढली की फोटो उघडा आणि भेग खुणेच्या पुढे सरकली आहे का ते बघा. सरकली असेल तर आतल्या फळ्या काढून पाचव्या मुद्द्यापासून परत सुरुवात करा.